पुण्याहून चंदीगडला : काकासाहेब गाडगीळ

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीपर्यंत मराठी हा माझा फक्त मार्क मिळवायचा विषय होता. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादक मंडळाने मागे लागायला सुरुवात केली तेव्हा मी आधी जर्नल्सचं कारण सांगितलं, मग ओरल्सचं. दोन्ही कारणं संपली म्हणून हा लेख. ऱ्हस्व-दीर्घ मैत्रिणीने तपासलेत, बाकीच्या चुका माझ्या.

विषय मिळाला तो आमच्या रूममध्येच. माझी रूममेट स्पर्धा परीक्षांची तयारी करते. रात्री साडेअकराला मॅगी शिजेपर्यंत ती आम्हाला प्रश्न विचारून छळते. एका रात्री तिचा विषय होता राज्यपाल. म्हणजे, एखाद्या राज्याचे राज्यपाल झालेल्या लोकांनी आधी किंवा नंतर दुसरी कोणती मोठी पदं सांभाळली? महाराष्ट्राचे आम्हाला थोडेफार आले. विजयालक्ष्मी पंडित आधी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या अध्यक्ष होत्या. शंकर दयाळ शर्मा पुढे राष्ट्रपती झाले. सी. पी. राधाकृष्णन २०२५ मध्ये इथूनच उपराष्ट्रपतिपदावर गेले. मग तिने पंजाब काढलं. अर्जुन सिंह आधी मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री, सिद्धार्थ शंकर रे बंगालचे, पट्टम थाणू पिल्लै तर केरळचं मुख्यमंत्रिपद सोडून पंजाबचे राज्यपाल झालेले. आणि पिल्लैंच्या आधी कोण, तर न. वि. गाडगीळ.

पंजाबात गाडगीळ? मी लगेच ज्ञान पाजळलं, की ते गाडगीळ फॉर्म्युलावाले. रूममेटने कपाळाला हात लावला. ते धनंजयराव गाडगीळ, अर्थशास्त्रज्ञ. लेखक ते गंगाधर गाडगीळ. हे नरहर विष्णु, म्हणजे काकासाहेब.

दुसऱ्या दिवशी पुण्याला आजोबांना फोन केला. त्यांचं वय आता पंच्याऐंशी, ऐकू कमी येतं, पण हे नाव बरोबर ऐकू आलं. आजोबा चक्क चिडले. १९५७ च्या निवडणुकीत ते सोळा वर्षांचे होते, मत नव्हतं, पण रात्री खळीचा डबा घेऊन ते काकासाहेबांच्या विरोधात पोस्टर्स चिकटवत फिरले होते. लोकसभेत वाघासारखं बोलले आणि तिकीट मात्र काँग्रेसचंच घेतलं, मग हरल्यावर बक्षीस म्हणून राजभवन मिळालं, असा त्यांचा हिशोब. जवळजवळ सत्तर वर्षं झाली तरी तो हिशोब मिटलेला नाही. म्हटलं, बघूया तरी हा माणूस कोण होता.

काकासाहेबांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा, मल्हारगडचा. पुण्याजवळचा किल्ला नव्हे, हे मल्हारगड मध्य प्रदेशात आहे. शिक्षणासाठी पुण्यात आले, १९१८ मध्ये फर्ग्युसनमधून पदवीधर झाले, १९२० मध्ये वकील झाले आणि त्याच वर्षी काँग्रेसमध्ये शिरले. म्हणजे वकिली सुरू व्हायच्या आधीच तिची वाट लागली म्हणायची. पुढे स्वातंत्र्य मिळेपर्यंत आठ वेळा तुरुंगात गेले.

मला त्यांच्या तरुणपणातल्या दोन गोष्टी तुरुंगापेक्षा जास्त धाडसाच्या वाटल्या. पहिली पर्वतीचा सत्याग्रह. पर्वतीवर आपण कधी व्यायामाला, कधी नुसते टाइमपासला जातो. १९२९ मध्ये तिथल्या देवळात अस्पृश्यांना जाऊ देत नव्हते. त्यासाठी सत्याग्रह झाला आणि त्यात एस. एम. जोशींबरोबर काकासाहेबही होते. ब्राह्मण वकिलाने, तेही पुण्यात, हे करणं म्हणजे घरच्या आळीशीच भांडण. दुसरी गोष्ट म्हणजे केशवराव जेधे. जेधे ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी आणि पुण्यात तेव्हा ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद इतका कडवट होता की दोन्हीकडचे लोक एका व्यासपीठावर बसायचे नाहीत. या दोघांची जोडी जमली, आणि पुण्याची काँग्रेस पेठांमधून बाहेर पडून खेड्यापाड्यांत पोचली त्यात या जोडीचा मोठा वाटा आहे. जेधे-गाडगीळ हे नाव जुने पुणेकर अजून एका दमात घेतात. आजोबांनी सुद्धा घेतलं. फोनवर पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा खाली आला तो इथे.

१९३४ च्या निवडणुकीत काकासाहेब दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून आले. तिथे पक्षाचे प्रतोद झाले. प्रतोद म्हणजे आपल्याकडे सबमिशनच्या दिवशी सगळ्यांना लॅबमध्ये हाकत आणणारा सीआर असतो ना, तसं काहीसं. आकडे, अंदाजपत्रक, नियम यात त्यांना चांगली गती होती.

आता आपल्या कामाचं. १९४७ मध्ये पहिल्या मंत्रिमंडळात काकासाहेबांकडे बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती आली. खात्यांची नावं मधे बदलली, पण ते १९५२ पर्यंत मंत्री होते. आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांना थर्ड इयरला पॉवर सिस्टीममध्ये १९४८ चा वीज पुरवठा कायदा एका ओळीत शिकवतात. राज्य वीज मंडळं ज्या कायद्याने आली, तो. विधेयक मांडणारे मंत्री हेच. या कायद्याखालीच १९६० मध्ये आपलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आलं. २००३ मध्ये नवा कायदा आला, २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, तरी आमच्या हॉस्टेलच्या वॉचमनकाकांच्या तोंडी अजून एमएसईबीचीच लाइट जाते.

स्वातंत्र्याच्या वेळी संपूर्ण देशाची वीजनिर्मितीची क्षमता होती सुमारे १३६२ मेगावॅट. आज एकट्या कोयनेची क्षमता १९६० मेगावॅटच्या आसपास आहे. म्हणजे काकासाहेबांना मिळालेला पूर्ण देश आजच्या एका कोयनेपेक्षा लहान होता! आणि या तुटपुंज्या विजेवर एकाच वेळी हिराकूड, दामोदर, भाक्रा हे प्रकल्प मार्गी लागत होते. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ चा, हिराकूडच्या धरणाचं पहिलं काँक्रीट एप्रिल १९४८ चं. फाळणी, निर्वासित, काश्मीर हे सगळं चालू असताना हे घडत होतं. आम्हाला मिनी प्रोजेक्ट आणि इंटर्नल एकाच आठवड्यात आले तर आम्ही एचओडींकडे अर्ज घेऊन जातो.

काश्मीरचंच बघा. तोपर्यंत श्रीनगरला जायचा मुख्य रस्ता रावळपिंडीकडून, जम्मूचा सियालकोटकडून. फाळणीने दोन्ही टोकं पाकिस्तानात गेली. ऑक्टोबर १९४७ मध्ये सैन्य विमानाने श्रीनगरला उतरवलं, पण रणगाडे, दारूगोळा, धान्य काय सगळं विमानाने नेणार? पठाणकोट ते जम्मू हे अंतर शंभरेक किलोमीटर. मधे रावी, उझ आणि पावसाळ्यात वाटेल तिथून वाहणारे नाले, आणि रस्ता असा की त्यावरून लष्करी ट्रक जाणं मुश्कील. सरदार पटेलांनी हे काम बांधकाममंत्र्यांवर टाकलं. काकासाहेबांनी हजारो मजूर आणून काही महिन्यांत त्या वाटेचा लष्करी वाहतुकीचा रस्ता करून घेतला. सिव्हिलवाल्या मित्राला हे सांगितलं तर त्याने आधी आमच्या कॉलेजच्या मागच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. त्या विषयावर वेगळा लेख होईल.

सोमनाथच्या देवळाची कथा बहुतेकांना माहीत असते. नोव्हेंबर १९४७ मध्ये पटेल तिथे गेले तेव्हा काकासाहेब सोबत होते आणि जीर्णोद्धाराच्या निर्णयात त्यांचा हात होता. एकूणात ते पटेलांच्या विश्वासातले. १५ डिसेंबर १९५० ला पटेल गेले. १९५२ मध्ये निवडणुकीनंतर नेहरूंनी नवं मंत्रिमंडळ केलं त्यात काकासाहेब नव्हते. कारण काय असेल त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलंय. मला तारखांचा क्रमच पुरेसा बोलका वाटतो.

आणि मग तो भाग, ज्यासाठी आजोबा चिडले होते.

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. तेलुगू लोकांना आंध्र, कानडी लोकांना कर्नाटक. मराठी माणसांना मात्र गुजरातबरोबर द्विभाषिक मुंबई, आणि विदर्भ वेगळा. मग तर मुंबईच केंद्राकडे ठेवायची घोषणा जानेवारी १९५६ मध्ये झाली. रस्त्यावर गोळ्या चालल्या, शंभराहून जास्त माणसं गेली. हुतात्मा चौकातून आपण लोकल पकडायला धावतो तो चौक त्यांचा. मी स्वतः तो चौक फक्त फाउंटन म्हणून ओळखत होते, हेही इथे लिहून टाकते.

डिसेंबर १९५५ मध्ये लोकसभेत या अहवालावर चर्चा झाली. काकासाहेब सत्ताधारी पक्षाचे खासदार, समोर स्वतःचंच सरकार. ते उभे राहिले आणि मुंबई महाराष्ट्राला नाकारलीत तर हा प्रश्न मुंबईच्या रस्त्यांवर सुटेल, अशा अर्थाचं बोलले. केवढा गदारोळ झाला असेल! त्यांनी हिंसेला चिथावणी दिली असं विरोधक म्हणाले. पाठिंबा देणाऱ्यांच्या मते त्यांनी फक्त पुढचं दिसत होतं ते सांगितलं. मला दुसरं पटतं. रस्त्यावर आग आधीच लागली होती, नोव्हेंबरातच मुंबईत गोळीबार झाला होता.

पुढे १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. काकासाहेबांकडे राजीनामा द्यायला मंत्रिपद उरलंच नव्हतं, सोडायचा तर पक्ष. तो त्यांनी सोडला नाही. १९५७ ला पुण्यातून काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले. समोर होते संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूचे नानासाहेब गोरे. मागणी दोघांची एकच, चिन्ह वेगळं. पुण्याने चिन्ह बघितलं आणि काकासाहेब पडले.

इथे मी बराच वेळ अडकले होते. आजोबांचं म्हणणं खोटं नाही. ज्या पक्षाच्या सरकारने गोळ्या चालवल्या त्याच्याच तिकिटावर उभं राहायचं आणि वर मराठी माणसाने मत द्यावं म्हणायचं, हे लोकांना कसं पचणार? पण सदतीस वर्षं ज्या पक्षात घालवली, ज्याच्यासाठी आठ वेळा तुरुंग पाहिला, त्याच्यातच राहून भांडणं हा भित्रेपणा म्हणता येईल का? बाहेर पडून टाळ्या मिळाल्या असत्या आणि बहुतेक खासदारकीही. आत राहून काहीच मिळालं नाही.

म्हणजे, राजभवन मिळालं. १५ सप्टेंबर १९५८ ला ते पंजाबचे राज्यपाल झाले.

आता योगायोग पाहा. तेव्हाचं पंजाब म्हणजे आजचं पंजाब, हरियाणा आणि हिमाचलचा काही भाग धरून मोठं राज्य. त्याचे दोन भाग कल्पलेले, पंजाबी भाषेचा आणि हिंदी भाषेचा. आणि मागणी कशाची? पंजाबी सुभ्याची, म्हणजे भाषेवर आधारित वेगळ्या राज्याची! भाषिक राज्य मागितलं म्हणून दिल्लीत ज्यांना बोल लागले, आणि भाषिक राज्याच्याच लाटेत जे पुण्यात वाहून गेले, त्यांना दिल्लीने नेमकं तिथे पाठवलं.

राज्यपाल म्हणजे रबर स्टँप, असं आपण एका वाक्यात उडवून लावतो. पंजाबात तेव्हा तसं पूर्ण खरं नव्हतं. १९५६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ मध्ये आंध्र आणि पंजाब या दोनच राज्यांसाठी विधानसभेच्या प्रादेशिक समित्यांची सोय ठेवली होती. आपापल्या भाषिक भागाच्या प्रश्नांवर त्या त्या भागातल्या आमदारांनी बोलायचं, आणि या समित्या नीट चालतात की नाही हे पाहायची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकता येत होती. म्हणजे वेगळं राज्य द्यायचं नाही म्हणून केलेल्या तडजोडीचे राखणदार काकासाहेब! गंमत अशी की घटनेच्या मसुद्यात राज्यपाल निवडणुकीने यावा अशी कल्पना होती. १९४९ मध्ये घटना समितीने ती बदलून नेमणूक ठेवली. त्या समितीत काकासाहेबही सदस्य होते.

मुख्यमंत्री होते प्रतापसिंग कैरों, अत्यंत जबरदस्त माणूस, कोणाचं ऐकून घेणाऱ्यातले नव्हेत. समोर मास्टर तारासिंग आणि संत फतेहसिंग. १९६० मध्ये आंदोलन पेटलं, हजारो लोक तुरुंगात गेले. डिसेंबर १९६० मध्ये संत फतेहसिंग उपोषणाला बसले. १५ ऑगस्ट १९६१ ला मास्टर तारासिंग बसले, ते १ ऑक्टोबरला उठले. ४८ दिवस. आणि त्याच काळात, १ मे १९६० ला, तिकडे मुंबईत महाराष्ट्र राज्य स्थापन झालं. ज्यासाठी लोकसभेत बोलले आणि पुण्यात पडले, ते राज्य झालं तेव्हा काकासाहेब चंदीगडच्या राजभवनात होते.

राजभवनावरून आठवलं. चंदीगडचा आराखडा ल कॉर्बुझिएचा, हे आर्किटेक्चरच्या मुली आम्हाला दर फेस्टला ऐकवतात. त्यात विधानसभा, सचिवालय, हायकोर्ट यांच्या शेजारी राज्यपालांसाठी एक महालही होता. इतका भव्य महाल लोकशाहीला शोभत नाही असं नेहरूंना वाटलं, आणि तो कधी बांधलाच गेला नाही. शहर अर्धं बांधकामात होतं, सुखना तलाव १९५८ मध्येच तयार झालेला.

आणि तिकडे सतलजवर भाक्रा उभं राहत होतं. मंत्री असताना ज्याची कागदपत्रं हाताखालून गेली, ते धरण त्यांच्या राज्यपालपदाच्या चार वर्षांत जवळजवळ पूर्ण झालं. उंची २२६ मीटर. नोव्हेंबर १९५५ मध्ये काँक्रीटची पहिली बादली पडली होती, ऑक्टोबर १९६३ मध्ये नेहरूंनी ते राष्ट्राला अर्पण केलं. काकासाहेब १ ऑक्टोबर १९६२ ला पद सोडून गेले होते, म्हणजे समारंभ एका वर्षाने हुकला. इंजिनिअर म्हणून विचाराल तर मला त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा याचा हेवा वाटतो. फाइलवर पाहिलेली भिंत पुढे स्वतःच्या राज्यात उभी राहताना किती जणांना बघायला मिळते?

सातारच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेही १९६२ मध्येच. त्यांनी पुष्कळ लिहिलं. पथिक हे आत्मचरित्र आमच्या लायब्ररीत आहे, पण मागच्या बाजूच्या कपाटात, जिथली ट्यूब गेलीय. वाचताना मला डिक्शनरी लागली. तरी माणूस कसा बोलत असेल ते कळतं, मोकळा, थोडा तिरकस, स्वतःवरही.

१९६४ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. याची मजा लक्षात आली का? राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती आणि कुलगुरू त्यांच्या खाली. म्हणजे एका राज्याचे राज्यपाल राहिलेला माणूस दुसऱ्या राज्याच्या राज्यपालांच्या हाताखाली कामाला लागला. आपल्याकडे लोक एक पायरी खाली उतरायची म्हटली की आजारी पडतात. ज्या शहराने पाडलं होतं, त्याच शहरात येऊन ते मुलांच्या परीक्षा आणि निकाल बघत बसले.

हे सगळं मी सुट्टीत आजोबांना वाचून दाखवलं. पठाणकोटचा रस्ता त्यांना माहीत नव्हता, तो भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. पंजाबी सुभ्याचं ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की पोस्टर्स मात्र त्यांनी बरोबरच चिकटवली होती, पुन्हा १९५७ आलं तर पुन्हा चिकटवतील. वाद आमचा अजून चालू आहे. मी काकासाहेबांच्या बाजूने आहे, पण पूर्ण नाही.

१० जानेवारी १९६६ ला काकासाहेबांना सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्याच दिवशी ताश्कंदचा करार झाला. त्या रात्री पंतप्रधान लालबहादूर शास्त्री तिथेच गेले आणि ११ तारखेला सगळा देश त्या बातमीत बुडाला. १२ तारखेला काकासाहेब गेले. १ नोव्हेंबर १९६६ ला जुन्या पंजाबचं विभाजन झालं, पंजाबी भाषेचं पंजाब आणि शेजारी हरियाणा. चंदीगड केंद्राकडे राहिलं, आणि दोन्ही राज्यांची राजधानीही झालं.